तांबगळीचा दुसरा साक्षीदार

काटेबाईंनी आयुष्यात एकही खोटं वजन पास केलं नव्हतं. वजनमाप खात्यात त्या एकतीस वर्षं निरीक्षक होत्या. त्या बाजारात शिरल्या की त्यांच्याआधी त्यांची बातमी शेवटच्या दुकानापर्यंत पोचायची आणि पारड्यांखाली चिकटवलेले चुंबकाचे तुकडे भराभर खिशांत जायचे. एकदा त्यांनी सख्ख्या मावसभावाचा काटा सील केला. मावसभाऊ पुढे सात वर्षं बोलला नाही. "काटा खोटा तर खोटा. नातं कुठल्या पारड्यात घालू?" असं त्या म्हणायच्या. आता माणसाने सरळ असावं हे खरं, पण शेजाऱ्यांनी त्यावर कपडे वाळत घालावेत इतकंही असू नये. बाईंना हे कोणी तोंडावर सांगितलं नाही. कोणाची प्राज्ञा होती?

अशा बाईला नवरा मिळाला तो बसचा ड्रायव्हर. स्वभावाने ढगळ, बोलायला मोकळा आणि नजर घारीची. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली, त्यातली शेवटची एकोणीस किनाऱ्यावरच्या उद्यानापर्यंत जाणारी. शेवटच्या थांब्यावर गाडी वीस मिनिटं उभी असायची. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळात डुलकी काढत, हे उद्यानाच्या कुंपणाला टेकून चिखलातले पक्षी बघत राहायचे. निवृत्त झाल्यावर त्याच थांब्यावर ते प्रवासी म्हणून उतरले आणि दर वसंतात हौशी लोकांना पक्षी दाखवत फिरवू लागले. लोक त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, आणि पक्षी कुठे आहे हे सांगायची त्यांची रीतही ड्रायव्हरचीच होती. "सरळ जा, दुसऱ्या खांबापाशी डावीकडे वळा, थांब्यावर एक जण उभा आहे, निळा शर्ट, लांब नाक." लोक हसायचे, आणि हसता हसता खंड्या प्रत्येकाला दिसायचा.

दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदीची वही बाईंच्या हातात आली ती ओघानेच, आणि वहीबरोबर नियमही आला. फेरी संपली की फाटकाजवळच्या दोन बाकांवर मंडळी बसायची, थर्मासमधला चहा निघायचा, आणि बाई एकेक नाव वाचायच्या. ज्याला पक्षी दिसला असेल त्याने म्हणायचं, "पाहिला." मग दुसऱ्या कोणीतरी म्हणायचं, "मीही पाहिला." दुसरा आवाज आला नाही, तर बाई पर्समधून सहा इंची स्टीलची पट्टी काढायच्या आणि त्या नावावर रेघ मारायच्या. "एकाने पाहिलं ते त्याचं, दोघांनी पाहिलं ते खरं." पहिल्या वर्षी लोकांनी कुरकुर केली, मग त्यांना त्यातच गंमत वाटायला लागली. दातांचे एक डॉक्टर यायचे, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा अडकवून. त्यांना तर दोन आवाजही कमीच वाटायचे. "फोटो आहे का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एक्स-रे काढल्याशिवाय दाढ दुखते यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

पुढचं सगळं रामायण घडलं ते तांबगळीपायी. तांबगळी म्हणजे मुठीत मावेल एवढी तुतारी, वाजवायची नव्हे, पक्ष्यांतली. तुताऱ्या हिवाळाभर किनाऱ्यावरच्या चिखलात शेकड्यांनी चरतात, सगळ्या करड्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. पण वसंतात, उत्तरेला उडून जायच्या आधी, दहा-पंधरा दिवस हिचा गळा विटेसारखा लाल होतो. ड्रायव्हरसाहेब कुंपणाला टेकून जो पहिला पक्षी ओळखायला शिकले तो हाच. नंतर किनाऱ्यावर भराव पडला, चिखल आक्रसला, आणि तांबगळी यायची थांबली. बारा वर्षं ती कोणालाच दिसली नाही. साहेब मात्र दर वसंतात जुन्या लाकडी धक्क्यापाशी जरा जास्त वेळ रेंगाळायचे, आणि का रेंगाळताय असं त्यांना कोणी विचारायचं नाही.

गेल्या वसंतात मंडळी अशीच धक्क्यापाशी उभी होती. म्हणजे बहुतेक जण दातांच्या डॉक्टरांनी शोधलेल्या शेकाट्या पक्ष्याकडे वळून खडकांना पाठमोरे झाले होते, आणि बाई वहीत धोबी पक्ष्यांचा आकडा लिहीत होत्या. शेजारून नवऱ्याने त्यांची बाही ओढली.

"अगं बघ, बघ! तिसरा खांब, खालचा खडक. लवकर बघ!"

"थांबा हो, एवढं लिहून होऊ दे."

त्यांनी 'धोबी, अकरा' असं लिहिलं. पेनाला टोपण लावलं. मान वर केली. खडकावर भरतीची ओल होती, बाकी काही नव्हतं.

बाकावर यादी वाचून झाली तेव्हा साहेब म्हणाले, "आणखी एक आहे. तांबगळी. पाहिली." एवढा गप्पिष्ट माणूस, पण त्यांचा आवाज जरासा हलला. बाईंनी नाव लिहिलं. कोणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "फोटो?" साहेबांनी नाही म्हणून मान हलवली आणि बायकोकडे पाहिलं. रागाने नाही की काही मागितल्यासारखंही नाही. गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हर आरशात मागे बघतो, सगळे चढले का म्हणून, तसं. बाईंनी पर्स उघडली, पट्टी काढली आणि सरळ रेघ मारली.

"नियम म्हणजे नियम," साहेब हसून म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप पुढे केला.

घरी परतताना ते दोघं नेहमी त्यांचीच जुनी बस पकडत. खिडकी बाईंची असायची. साहेब कडेला बसायचे, म्हणजे नव्या ड्रायव्हरच्या चुका नीट दिसाव्यात. घर येईपर्यंत त्यांची टीका चालायची. "ऐकलास गीअर? क्लच काय बापाचा आहे का याच्या?" त्या दिवशी ते आधी चढले आणि खिडकीशी जाऊन बसले, तोंड बाहेर करून. गीअर तीनदा खडखडला. साहेबांनी हूं की चूं केलं नाही.

इथवर ठीक होतं. संसारात असे अबोले होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर विरतातही. साहेबांचा अबोलाही विरला. पण आठ दिवसांनी ते आपणहून म्हणाले, "साधीच तुतारी असेल गं. गळ्यावर उजेड पडला असेल." महिन्याने म्हणाले, "माझे डोळे गेले बहुतेक." डोळे तपासून घेतले तर ते ठणठणीत निघाले. त्यावर साहेबांनी आनंदी व्हायचं की नाही? ते म्हणाले, "मग डोकं गेलं असणार." ज्या माणसाने चौतीस वर्षं नजरेच्या भरवशावर माणसं वाहिली, तो दाराला कुलूप लावलं की नाही हे तीनतीनदा बघायला लागला. रस्ता ओलांडताना बायकोला विचारायला लागला, "लांब आहे ना गं ती गाडी?" पावसाळ्यात त्यांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षापासून फेरी टिटवीने न्यावी.

टिटवी म्हणजे इस्पितळातली नर्स. झोपेतसुद्धा बोलत असावी इतकी बोलकी, म्हणून साहेबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. पक्षी ओळखायला ती त्यांच्याकडेच शिकली होती. दुर्बिणी पुसता पुसता तिने दहा वेळा विचारलं, "पण काका, तुम्ही का नाही?" साहेब म्हणाले, "नजरेचा भरवसा नसेल तर ड्रायव्हरने खाली उतरावं. प्रवाशांचा जीव असतो मागे."

हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर, ते अकरा दिवस होते. नवव्या दिवशी दुपारी बाई औषधाच्या झाकणात औषध ओतत होत्या. रेघेच्या एक थेंब वर नाही, एक थेंब खाली नाही.

"काटेबाई," पलंगावरून ते म्हणाले. "खरं सांग. होती का गं ती?"

बाईंना हो म्हणता येईना. त्यांनी पाहिली नव्हती. नाही म्हणायचं तर जीभच रेटेना. त्यांनी झाकण साहेबांच्या ओठांशी नेलं.

"आधी औषध घ्या," त्या म्हणाल्या.

साहेबांनी गुमान औषध घेतलं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि दोन दिवसांनी तर सगळेच विषय संपले.

माणसं गेल्यावर मागे राहिलेल्यांना शंभर गोष्टी छळतात. बाईंना एकच छळत होती. भांडी घासताना, दिवा मालवताना, केस विंचरताना त्यांना तेच ऐकू यायचं, होती का गं ती, आणि लगेच स्वतःचा आवाज, आधी औषध घ्या. शेवटचं काही मागितलं त्यांनी, तर ते एक अक्षर होतं, आणि मी त्यांच्या तोंडात औषध ओतलं. हे त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत. रडायलाही त्यांना हक्क वाटेना. रडू हे बिचाऱ्या बायकांना शोभतं, आणि बाई स्वतःला बिचारी समजत नव्हत्या, गुन्हेगार समजत होत्या.

म्हणून यंदाच्या फेरीला त्या आल्या. सगळ्यांना वाटलं, मन रमवायला आल्या. मन कसलं रमवताय! त्या एकाच कामासाठी आल्या होत्या. तांबगळी खरोखर येते का, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ती येत असेल तर त्यांचा माणूस खरा होता, ना डोळ्यांनी गेलेला ना डोक्याने. टिटवीने वही पुढे केली, "काकू, तुमचीच जागा आहे ही." बाईंनी ती परत तिच्या हातात दिली. त्यांनी गळ्यात साहेबांची दुर्बीण अडकवली होती. तिचा पट्टा साहेबांच्या मापाचा असल्याने ती पोटापाशी लोंबत होती. पट्टा आखूड करायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

सकाळ सुरेख होती. सुरूच्या झाडांतून वारा वाहत होता, ओहोटीने चिखल उघडा पडला होता आणि त्यावर बगळे पाय उचलून उचलून चालत होते, नवीन चपला भिजू नयेत म्हणून जपल्यासारखे. टिटवीची बडबड चालूच होती. "हा बघा पाणकावळा, पंख वाळत घालून बसलाय. माझ्या वॉर्डात एक आजोबा अस्सेच बसतात." मंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष पुढच्या वळणाकडे होतं, तिथून जुना धक्का दिसतो.

धक्क्यापाशी आल्यावर त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली ती काढलीच नाही. तिसरा खांब, खालचा खडक. मंडळी पलीकडे कुरव पक्ष्यांच्या थव्याकडे वळली, डॉक्टरांचा कॅमेरा कडकडू लागला. बाई आपल्या खडकाला चिकटून होत्या. दोन साध्या तुताऱ्या आल्या आणि गेल्या. हात भरून आले. आणि मग खडकामागून एक चिमुकली तुतारी दुडदुडत पुढे आली, थबकली, तिने मान वळवली, आणि तिच्या गळ्यावर ऊन पडलं.

लाल होता गळा. उजेडाचा खेळ नव्हे. ती सावलीत गेली तरी तो लालच होता. बाईंनी एकतीस वर्षांची सगळी शिस्त पणाला लावून बघितलं. चोच बघितली, पाय बघितले, पुन्हा गळा बघितला. मग दुर्बीण न काढता त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या टिटवीची बाही धरून ओढली.

"अगं बघ, बघ! तिसरा खांब, खालचा खडक. लवकर!"

"एक मिनिट हं काकू, एवढा कुरवांचा आकडा लिहून घेते."

तांबगळी भुर्रकन उडाली, पाण्यावरून गेली, आणि टिटवीने मान वर केली तोवर खडकावर भरतीची ओल तेवढी उरली होती.

"कुठे, काकू?"

 आधी बाईंना आनंद झाला, अगदी लहान मुलीसारखा, आणि तो सांगायला त्या नेहमीच्या बाजूला वळल्या. उजव्या बाजूला. तिथे कठडा होता. तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपल्याला जे हवं होतं ते मिळालं आहे, आणि त्याचा आता कोणालाच उपयोग नाही. त्यांचा माणूस खरा होता. शेवटपर्यंत तो खरा होता, आणि स्वतःला खोटा समजून गेला.

बाकांवर चहा फिरला. टिटवी यादी वाचत गेली. बगळा, पाहिला, मीही पाहिला. खंड्या, पाहिला, मीही. शेवटी तिने विचारलं, "आणखी काही?"

"तांबगळी," बाई म्हणाल्या. "पाहिली."

सगळे गप्प झाले. ही शांतता बाईंनी आजवर वही मांडीवर घेऊन, पेन हातात धरून ऐकली होती. दुसऱ्या बाजूने ती त्या प्रथमच ऐकत होत्या. लोक दुष्ट नव्हते. लोक चहाच्या कपात बघत होते. म्हातारीला नवऱ्याची आठवण आली असेल, असं त्यांच्या मानांवर लिहिलेलं होतं. आयुष्यभर वजनं तपासली, पण एकट्याने पाहिलेल्या गोष्टीचं केवढं वजन माणसाला पेलावं लागतं ते बाईंना तिथे कळलं. साहेबांनी ते पेललं होतं आणि वर चहा मागितला होता.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "फो..."

"मीही पाहिली," टिटवी म्हणाली, आणि तिने वहीत तांबगळी लिहून टाकली. डॉक्टरांनी उरलेला शब्द चहाबरोबर गिळला.

मंडळी पांगली. टिटवी कप गोळा करत होती. बाई बाकावरून उठल्या नव्हत्या.

"टिटवे, तू तेव्हा मान खाली घालून लिहीत होतीस."

"हो."

"मग खोटं का बोललीस?"

"खोटं कसलं, काकू? तुम्ही पाहिलीत ना? तुम्ही उगीच म्हणणाऱ्यातल्या आहात का?"

"तेही उगीच म्हणणाऱ्यातले नव्हते." बाईंचा आवाज चढला. "गेल्या वर्षी का नाही बोललीस मग? तेव्हा काय तोंड शिवलं होतं तुझं?"

टिटवी, जिला गप्प बस म्हणून इस्पितळातले डॉक्टर थकले होते, ती गप्प झाली. हातातले कप तिने एकात एक घातले, पुन्हा काढले.

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं, काकू. आम्ही तुमच्यासाठी थांबलो होतो."

बाईंनी वही मागून घेतली आणि पानं उलटून गेल्या वसंताशी आल्या. तिथे त्यांच्याच अक्षरात तांबगळी होती आणि तिच्यावर त्यांचीच रेघ होती, इतकी सरळ, इतकी नीट, की तिचा संताप यावा. रेघ पुसता येत नाही. तिच्याखाली आता काही लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्यांनी पुन्हा आजचं पान काढलं. खरं तर आजचीही नोंद खोटी होती, साक्षीदाराने पाहिलं नव्हतं, आणि ते बाईंना ठाऊक होतं. सवयीने पर्समधली पट्टी हातात आली. ती त्यांनी थोडा वेळ धरली, मग परत पर्समध्ये टाकली आणि वही मिटली. आयुष्यात प्रथमच त्यांनी खोटा काटा पास केला, आणि जग होतं तिथेच राहिलं. कुठे काही कोसळलं नाही. इतकं सोपं होतं ते. दोन शब्दांचं काम होतं. त्यांच्या घशातून एक हुंदका आला, मग दुसरा, आणि मग त्यांनी ते मोजले नाहीत. टिटवी शेजारी बसली. 

बस थांब्यावर उभीच होती. बाई चढल्या, नेहमीच्या बाकापाशी गेल्या आणि कडेला बसल्या. पुढच्या थांब्यावर एक बाई पिशव्या सांभाळत आली.

"खिडकीशी कोणी बसलंय का हो?"

"हो," काटेबाई म्हणाल्या.

ती बाई रिकाम्या जागेकडे बघत राहिली, मग तिने यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती मुकाट्याने मागे गेली. गाडी चढावर आली. गीअर खडखडला. बाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"होती हो," त्या म्हणाल्या. "मीही पाहिली."

गीअर पुन्हा खडखडला, आणि त्यावर कोणी काही बोललं नाही.